अडविले असते तर…

पुत्र गमावलेल्या मातेच्या तोंडून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला प्रश्न परमेश्वराला उद्देशून असतो : माझ्याच लेकराला का नेलेस? दुसरा प्रश्न ती स्वतःलाच विचारते, आणि तोही बहुधा सातव्या दिवसाची मिस्सा आटोपून पाहुणेमंडळी आपापल्या घरी परतल्यावर : मी त्याला तेव्हाच अडविले असते तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या प्रश्नाजवळ मात्र फारसे कोणी थांबत नाही. ‘असे काही मनात आणू नये’ एवढे बोलून आपण विषय बदलतो. परंतु हा प्रश्न असा टाळण्याजोगा नाही. कर्तव्य, स्वातंत्र्य आणि दोष या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्यामुळे तो खऱ्या अर्थाने नीतिशास्त्राचा प्रश्न आहे.

ज्या मुलाचे बालपण धाडसी होते, त्याच्या आईला तो अधिकच छळतो. चिंचेच्या शेंड्यावर चढणारा, बावखलात उंचावरून उडी घेणारा, वडीलधाऱ्यांबरोबर होडीतून समुद्रावर जाण्याचा हट्ट धरणारा मुलगा हयात असतो तोवर त्याचे पराक्रम सणासुदीला, लग्नकार्यात हसत हसत सांगितले जातात. तो अकाली गेला की त्याच आठवणींचा रंग पालटतो. काल ज्या कौतुकाच्या गोष्टी होत्या, त्या आज आरोपपत्रातील कलमे होतात. तेव्हाच दोन फटके दिले असते तर? तेव्हाच दार लावून घेतले असते तर? आई स्वतःच फिर्यादी, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश! अशा न्यायालयातून निर्दोष सुटका कोणाची होणार?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका फ्रेंच मातेचे जीवन फार बोलके वाटते. तिचे नाव मारी द सेंतेक्झुपेरी. ‘छोटा राजपुत्र’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाचा लेखक व वैमानिक आंत्वान द सेंतेक्झुपेरी याची ती आई. १८७५ साली जन्मलेली मारी १९०४ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी पाच लहान मुले होती. नात्यातील एका वयोवृद्ध बाईंच्या आधाराने तिने लिओं शहरापासून काही अंतरावर असलेल्या सें-मॉरिस-द-रेमां येथील जुन्या वाड्यात मुलांना वाढविले. ती श्रद्धाळू कॅथोलिक होती, चित्रे काढीत असे आणि पहिल्या महायुद्धात तिने आंबेरिय स्थानकावरील शुश्रूषागृहात जखमी सैनिकांची सेवा केली.

आंत्वान हे तिचे तिसरे अपत्य. घरातील सोनेरी केसांचा हा मुलगा एकाच वेळी आईवेडा आणि कमालीचा खोडकर होता. चरित्रकार सांगतात की लहानपणी तो आपली छोटी हिरवी खुर्ची ओढीत आईच्या मागोमाग घरभर हिंडे; ती जेथे बसेल तेथे खुर्ची मांडायची आणि गोष्ट सांग म्हणून हट्ट धरायचा. हाच मुलगा पुढे सायकलीला चादरींची शिडे बांधून आकाशात उडण्याची खटपट करू लागला. सायकल अर्थातच उडाली नाही. पण वाड्यापासून जवळच, आंबेरिय येथे, विमानांचे मैदान होते. १९१२ च्या उन्हाळ्यात बारा वर्षांचा आंत्वान तेथे रोज चकरा मारी. आईने विमानात बसण्यास सक्त मनाई केलेली होती. एके दिवशी त्याने गाब्रिएल रोब्लेव्हस्की नावाच्या वैमानिकास सांगितले, की आईने परवानगी दिली आहे; आणि खोटे बोलून मिळविलेल्या त्या आसनावर बसून तो पहिल्यांदा आकाशात गेला. दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच १९१४ च्या मार्च महिन्यात तो वैमानिक आपल्या भावासह विमान कोसळून मृत्युमुखी पडला. ती वार्ता ऐकून त्या मातेच्या काळजाचा ठोका चुकला असेल, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

तरीही पुढे काय घडले? १९२१ साली लष्करी सेवेत असताना आंत्वानला विमान चालविण्याचे खासगी शिक्षण घ्यावयाचे होते. त्यासाठी त्याने आईकडेच पैसे मागितले आणि तिने ते दिले. मुलाच्या पंखांची किंमत आईने स्वतःच्या हाताने मोजली! त्यानंतर १९२३ मध्ये पॅरिसजवळ, १९३५ मध्ये लिबियाच्या वाळवंटात, १९३८ मध्ये ग्वातेमालात असे एकामागून एक अपघात झाले. त्या सर्वांतून तो वाचला. दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या जातीच्या विमानासाठी ठरविलेली वयोमर्यादा केव्हाच ओलांडलेली असताना, त्याने हट्टाने पुन्हा वैमानिकाची जागा मिळविली. ३१ जुलै १९४४ रोजी शत्रुव्याप्त फ्रान्सची छायाचित्रे घेण्यासाठी तो कॉर्सिका बेटावरून एकटाच निघाला आणि परतलाच नाही. त्याच महिन्यात त्याने आईला लिहिलेले पत्र तिच्या घरी पोहोचले १९४५ च्या जुलैमध्ये. आपण खुशाल आहोत, असे त्या पत्रात होते!

‘अडविले असते तर’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार जर कोणत्या मातेला असेल, तर तो हिला होता. तिच्या हाती पुरावाही होता. मनाई मोडणाऱ्या मुलाला तिने पुढे स्वतःच पैसे दिले होते. मग ती दोषी ठरते काय?

हिशेब पुरता मांडावयाचा झाल्यास त्याच घरातील आणखी दोन मृत्यूंचा विचार करावा लागेल. आंत्वानचा धाकटा भाऊ फ्रान्स्वा १९१७ साली हृदयाच्या विकाराने गेला. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्याने विमानात पाऊल टाकले नव्हते; तो अंथरुणावर, आपल्या माणसांच्या सान्निध्यात गेला. थोरली मुलगी मारी-मादलेन हीही प्रकृतीने नाजूक. ती १९२७ साली गेली. त्या वर्षी आंत्वान आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून टपाल घेऊन उडत होता आणि त्यानंतर तो सतरा वर्षे जगला. ज्या मुलाची रोज धास्ती वाटावी तो मागे राहिला आणि जी मुले घराच्या छपराखाली होती ती आधी गेली. घराची भिंत म्हणजे आयुष्याची हमी, हा आपला समज किती तोकडा आहे हे याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

पवित्र शास्त्रातील ईयोबाची कथा आपणांस ठाऊकच आहे. परंतु त्या कथेच्या आरंभीचा एक तपशील आपल्या नजरेतून निसटतो. ईयोब हा अतिशय जपणारा पिता होता. मुलांच्या हातून नकळत काही पाप घडले असेल या धास्तीने तो पहाटे उठून प्रत्येकाच्या नावाने बलिदान अर्पण करीत असे. एवढी काळजी वाहूनही त्याची दहाही मुले एका दिवशी गेली. आणि तीही कोण्या साहसात नव्हे, थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसली असताना घर कोसळून. कथा सांगणाऱ्याला जणू आपल्याला बजावावयाचे आहे, की पालकाची दक्षता हे कर्तव्य आहे, तो मृत्यूशी केलेला करार नाही. ईयोबाच्या मित्रांनी मात्र मृत्यूमागे कोणाचा तरी दोष असलाच पाहिजे, असा आग्रह धरला. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर त्या मित्रांवरच रागावतो, हे विसरून चालणार नाही.

येथे कोणी म्हणेल, की अशाने पालकांची जबाबदारीच संपुष्टात येईल. तसे मुळीच नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्र दोषाचा निवाडा परिणामावरून करीत नाही. ते विचारते : निर्णय घेताना काय ठाऊक होते? धोका समोर दिसत होता काय? तो पत्करण्यास काही उचित कारण होते काय? टाळणे आपल्या हाती होते काय? निकाल कळल्यानंतर मागे वळून पाहिले की प्रत्येक वाट सरळ अपघाताकडेच जाताना दिसते. चालताना ती तशी दिसत नव्हती. जे ज्ञान मृत्यूने दिले, त्या ज्ञानाच्या आधारे मृत्यूपूर्वीच्या निर्णयाला दोषी ठरविणे हा न्याय नव्हे. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला मिळालेली मोकळीक आणि चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाचे अखेरचे उड्डाण यांच्यामध्ये त्या पुरुषाने स्वतः घेतलेले शेकडो निर्णय उभे आहेत. ते सारे आईच्या पदरात बांधणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य, त्याचे माणूसपणच नाकारणे होय.

संत थॉमस अक्विनास यांनी धैर्य या सद्गुणाचे विवेचन करताना ॲरिस्टॉटलचा धागा पुढे नेला आहे. त्यांच्या मते धैर्याच्या एका बाजूस भित्रेपणा आणि दुसऱ्या बाजूस अविचार असतो. विवेक त्याला मधल्या वाटेवर ठेवतो. हा भेद घराघरांत समजावून घेण्यासारखा आहे. मुलाला पोहायला शिकविणे, झाडावर चढू देणे, मच्छीमाराच्या मुलाने बापाबरोबर खोल समुद्रात जाणे, डोंगर चढणे, परगावी शिकावयास पाठविणे हे सारे धोके आहेत. पण ते अर्थपूर्ण धोके आहेत. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणे, विहिरीला कठडा न बांधणे, मद्यपान केलेल्या चालकाच्या गाडीत मुलांना बसविणे, यांत धैर्य नाही. तो अविचार आहे. पहिल्या प्रकारात मुलगा गेला, तर आईने शोक करावा. तिला पश्चात्तापाचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारात दोषाचा अंश असू शकतो, आणि तो असेल तेथे ‘तुझे काहीच चुकले नाही’ असे खोटे सांत्वन कोणाला पुरत नाही. तेथे प्रायश्चित्त संस्कार आहे, परमेश्वराची क्षमा आहे. दोषाला मर्यादा असते आणि क्षमेने तो फिटतो. शोक मात्र दोष नसल्यामुळे त्याला क्षमेची गरजच नाही. या दोहोंची गल्लत झाल्याने कितीतरी माता न केलेल्या अपराधाची शिक्षा आयुष्यभर भोगीत राहतात.

बारा वर्षांच्या मुलाची आणखी एक कथा आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशू वल्हांडण सणानंतर आईवडिलांना न सांगता यरुशलेमात मागे राहतो. तीन दिवस शोधाशोध केल्यावर तो मंदिरात सापडतो. तेव्हा पवित्र मरिया आपले दुःख गिळून टाकीत नाही. आम्हांला असे का छळलेस, हे ती स्पष्ट विचारते. मुलाचे उत्तर तिला उमगत नाही. तरीही ती त्याला नासरेथला घेऊन जाते, तो तिच्या आज्ञेत राहतो आणि ती हे सारे अंतःकरणात जपून ठेवते. शोधणे, जाब विचारणे, घरी आणणे आणि न उमगलेले जपून ठेवणे, या चारही गोष्टी मातृत्वाच्याच आहेत. मात्र त्या प्रसंगानंतर पुत्राला कायमचे घरात कोंडून ठेवावे, असे तिने ठरविले नाही. मंदिरात वृद्ध शिमोनाने सांगितलेली तलवार तिच्या स्मरणात असणारच. तरी पुढे तिने त्याला यार्देनकडे जाऊ दिले.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. मुलाचे धाडस आणि आईची माया या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे आपण गृहीत धरतो; आई मागे ओढते, मुलगा पुढे धावतो. सेंतेक्झुपेरी मायलेकरांची पत्रे वाचताना हे गृहीत ढासळते. १९३० च्या जानेवारीत, दक्षिण अमेरिकेतील टपालविमानांची जबाबदारी सांभाळत असता त्याने ब्यूनोस आयर्सहून आईला एक पत्र धाडले. वाळवंट, समुद्र आणि पर्वत पालथे घातलेला हा वैमानिक त्या पत्रात कशाची आठवण काढतो? सें-मॉरिसच्या वरच्या खोलीतील एका लहानशा शेगडीची! तिच्याइतकी शांत, भली आणि जिव्हाळ्याची वस्तू आपल्याला आयुष्यात भेटली नाही, अशा अर्थाचे तो लिहितो. आईजवळच्या त्या उबेने त्याला निर्भय केले होते. ज्याला परतण्याचे घर ठाऊक असते, तोच दूर जाऊ शकतो. ज्या मुलाला मायेची खात्री नसते तो एकतर उंबरठ्याला चिकटून बसतो किंवा जिवावर उदार होऊन भटकतो; खरे धाडस त्याला साधत नाही. हिरवी खुर्ची आणि विमानातील आसन यांचे नाते विरोधाचे नाही. एकातून दुसरे उगवले आहे.

हे मान्य केल्यास ‘अडविले असते तर’ या प्रश्नाचा खरा अर्थ उघड होतो. आपल्या लेकराचे धाडस आपल्याच मायेतून उगवले असेल, तर त्या धाडसाबद्दल पस्तावणे म्हणजे आपण केलेल्या प्रेमाबद्दल पस्तावणे होय. असा पश्चात्ताप परमेश्वर कोणत्याही आईकडून मागत नाही.

मारी द सेंतेक्झुपेरीने काय केले? पुत्राने लिहिलेली पत्रे तिने जपून ठेवली होती. १९५५ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रस्तावनेत तिने त्याच्या बालपणाविषयी लिहिले. तोवर सारे जग त्याला वीर म्हणू लागले होते. आईला मात्र रात्री निजलेल्या घराला जागे करून स्वतःच्या कविता ऐकविणारा हट्टी पोर आठवत होता. या आठवणी सांगण्यात मोठी नैतिक शिस्त आहे, असे आम्हांला वाटते. दिवंगत मुलाला देवदूत बनविण्याचा मोह आईला होतो. त्याच्या प्रत्येक खोडीत मृत्यूची चाहूल शोधण्याचाही मोह होतो. दोन्ही मोह त्या मुलाला आपल्यापासून हिरावून घेतात, कारण दोहोंतही तो स्वतः उरत नाही. बारा वर्षांच्या आंत्वानने केलेला खोटेपणा खोटेपणाच होता आणि ढगांपर्यंत पोहोचलेल्या त्या मुलाचा आनंद आनंदच होता. दोन्ही जसेच्या तसे आठवणे हेच सत्य आणि तेच प्रेम.

संत थॉमस यांनी धैर्याविषयी आणखी एक विचार मांडला आहे. धैर्याचे प्रमुख कृत्य चाल करून जाणे हे नसून संकटात न ढळता टिकून राहणे हे आहे, असे ते म्हणतात. त्या दृष्टीने पाहता सेंतेक्झुपेरींच्या घरातील सर्वांत धैर्यवान व्यक्ती विमानात नव्हती. पती, दोन पुत्र आणि एक कन्या गमावून ती माता १९७२ सालापर्यंत, शहाण्णव वर्षांचे आयुष्य जगली. तिला पुत्राच्या कबरीवर फूल वाहता आले नाही, कारण कबरच नव्हती. तिच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्सेयजवळच्या समुद्रात एका मच्छीमाराच्या जाळ्यात आंत्वानचे नाव कोरलेली चांदीची साखळी सापडली. २००० साली एका पाणबुड्याला विमानाचे अवशेष दिसले आणि २००४ मध्ये ते त्याचेच असल्याची खात्री पटली. जाळ्यात माशांबरोबर काय काय वर येते, हे उत्तन आणि पाचूबंदरच्या आमच्या बांधवांना सांगावयास नको. समुद्राने परत न दिलेल्या लेकरांच्या माताही आपल्या किनाऱ्यावर आहेत. खुणेविना, कबरीविना, केवळ पुनरुत्थानाच्या आशेवर उभे राहणे म्हणजे काय, हे त्या जाणतात.

अशा मातांसाठी धर्मग्राम म्हणून आपण काय करू शकतो? देवाला तो आवडला म्हणून त्याने नेला, असे म्हणणे आधी थांबवावे. त्या वाक्याने आईच्या मनात देवाविषयी भीती उत्पन्न होते, विश्वास नव्हे. ‘जाऊ कशाला दिलेत?’ हा प्रश्न तर ओठांवरही येऊ देऊ नये. तो तिने स्वतःला हजार वेळा विचारलेला असतो. आणखी एक सवय आपण सोडावयास हवी. मूल गेले की त्या घरात त्याचे नाव उच्चारावयाचे नाही, असा एक अलिखित नियम आपण पाळतो. हेतू चांगला असतो. पण आईच्या दृष्टीने तो दुसरा मृत्यू ठरतो.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो. त्या दिवशी एखाद्या तरुण मुलाच्या कबरीपाशी त्याची आई उभी दिसली, तर प्रार्थना झाल्यावर लगेच पाय उचलू नये. लहानपणी तो कसा होता हो, एवढेच तिला विचारावे. ती प्रथम रडेल. मग चिंचेची, बावखलाची, होडीची गोष्ट सांगू लागेल. सांगता सांगता कदाचित तिच्या चेहऱ्यावर किंचित हसूही उमटेल. त्या क्षणापुरती का होईना, ती गोष्ट आरोपपत्रातून सुटून पुन्हा तिच्या लेकराची झालेली असेल. ऐकणाऱ्याने मध्ये बोलू नये. ती संपेपर्यंत ऐकावी.